रद्दीआडचं लिखाण

फलटणमध्ये बेबीताई कांबळे यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की बाई ती रद्दी वाचत बसायच्या आणि मग तिथंच बसून लिहायच्याही. लिहिलेलं घरात अशा सांदीत सारायच्या, जिथं कुणाचा हात जाणार नाही. नवरा संशयी, मारहाण करणारा. हे त्यांनीच पुढं मुलाखतीत सांगितलं. अशी वीसेक वर्षं गेली.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. ओळख वाढली, तसे बेबीताईंनी एकदाचे ते कागद बाहेर काढले. ‘छापायलाच हवं,’ हा आग्रह मॅक्सीनबाईंचा. आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आणि १९८६ साली पुस्तकरूपानं ‘जिणं आमुचं’ वाचकांपुढं आलं.

सांदीतून निघालं ते साधंसुधं नव्हतं. महारवाड्यातली बाळंतीण त्यात आहे. घरात दाणा नाही, म्हणून पोट फडक्यानं आवळून ती उपाशी निजते. सासर सोडून पळालेली पोर आहे. धरून आणल्यावर तिच्या पायात लाकडी ओंडक्याचा खोडा घालतात, पाय रक्ताळतो, तरी कामं चुकत नाहीत. गावानं केलेला छळ बाईंनी मांडलाच, पण घरातल्या पुरुषांना आणि सासवांनाही सोडलं नाही. माझ्या मते खरी हिंमत इथं लागली.

पनवेलला माझ्या फळीवर या पुस्तकाशेजारी नायजेरियाच्या बुची एमेचेटा आहेत. त्या लंडनमध्ये पाच लेकरं सांभाळून लिहीत होत्या. त्यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित नवऱ्याच्या हाती लागलं आणि त्यानं ते जाळलं. लेकरं घेऊन बाई घराबाहेर पडल्या, तीच गोष्ट पुन्हा लिहिली. ‘द ब्राइड प्राइस’ १९७६ साली आली. फलटणची सांदी किती मोलाची होती, ते इथं कळतं.

तीन वर्षांनी आलेल्या ‘द जॉइज ऑफ मदरहूड’चं नाव आईपणाच्या सुखाचं, पण आत नायिका न्नू एगो मुलांसाठी झिजून रस्त्याकडेला एकटी मरते. मुलं मग थाटात अंत्यविधी करतात, तिच्या नावानं देवस्थानही उभं राहतं. वांझ म्हणून हिणवलेल्या बायका तिथं नवस बोलायला येतात.

न्नू एगो एकीलाही मूल देत नाही.