न दिसणाऱ्याचा हिशेब

‘आधीची काच बरी, की आताची?’ डोळे तपासताना डॉक्टर असे विचारतात, तेव्हा अनेक ज्येष्ठ मंडळी संकोचाने ‘हो, बरे दिसते’ म्हणून मोकळी होतात. ताडकळससारख्या गावातून परभणीला किंवा नांदेडला जायचे, रांगेत बसायचे. मग डॉक्टरांना आणखी ताटकळत कशाला ठेवायचे, अशी त्यामागची भावना असते. परंतु आपल्या त्या उत्तरावर चष्म्याचा नंबर ठरतो आणि चुकीच्या चष्म्याने पायरीचा अंदाज चुकू शकतो.

आमटीत किती चिंच व किती गूळ घालायचा हे ठाऊक असेल, तर चव सांगता येते. उलट, केवळ चाखून प्रमाण ओळखायचे तर सुगरणीचीही कसोटी लागते. आणि तिला सर्दी झाली असेल, तर अंदाज पारच चुकतो. परिणामावरून कारण शोधण्याच्या अशा कोड्याला गणितात ‘व्यस्त प्रश्न’ म्हणतात. त्याचा स्वभाव नाजूक असतो. माहितीत थोडी चूक झाली, तरी उत्तरात मोठी चूक होऊ शकते.

या कोड्यांवर काम करणारे एक मराठी संशोधक म्हणजे रमेश रासकर. नाशिकचे रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि २००८ मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये दाखल झाले. कोपऱ्यापलीकडची, थेट न दिसणारी वस्तू ‘पाहण्याचा’ त्यांच्या गटाचा प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेसरचा प्रकाश भिंतीवर आपटून आडच्या वस्तूपर्यंत जातो व त्याचा क्षीण अंश परत येतो. तो केव्हा परतला, याच्या हिशेबातून संगणकाने त्या वस्तूचा आकार काढला.

हीच दृष्टी त्यांनी आरोग्याकडेही वळवली. २०१० मध्ये त्यांच्या गटाने ‘नेत्रा’ हे मोबाइलच्या पडद्यावर बसणारे छोटे साधन मांडले. त्यातून पाहणारा माणूस बटणे दाबून रेघा जुळवतो. त्या जुळवण्यासाठी किती सरकवाव्या लागल्या, यावरून नंबर काढला जातो. २०११ मध्ये मोतीबिंदूसाठी ‘कॅट्रा’ आले. २०१६ मध्ये रासकरांना लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले. अर्थात अशी साधने डॉक्टरांची जागा घेत नाहीत. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचे विकार यांची तपासणी निराळी करावीच लागते.

आपल्या परिचयाचा सीटी स्कॅन हासुद्धा व्यस्त प्रश्नच आहे. यंत्र शरीराभोवती फिरून अनेक दिशांनी क्ष-किरण सोडते आणि प्रत्येक किरण किती क्षीण झाला ते मोजते. त्या मोजमापांवरून आतले चित्र गणिताने रचले जाते. या गणिताचा पाया योहान राडोन यांनी १९१७ मध्ये घातला. कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना स्कॅनसाठी १९७९ चे नोबेल मिळाले. म्हणूनच तपासणीच्या वेळी रुग्ण हलला, तर चित्र पुसट किंवा फसवे येते.

हिशेब यंत्र करते. माहिती मात्र आपण देतो. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

• डोळे तपासताना फरक जाणवला नाही, तर तसेच सांगावे. तेही उत्तरच आहे. सोबतच्या नातेवाइकांनी आजी-आजोबांच्या वतीने बोलू नये.

• मधुमेह असल्यास सांगावे. साखर वरखाली होत असेल, तर चष्म्याचा नंबरही तात्पुरता बदलू शकतो. जुना चष्मा सोबत न्यावा.

• स्कॅनपूर्वी कमी ऐकू येणे, हातांचा कंप, पाठदुखी किंवा बंद जागेची भीती यांची कल्पना तंत्रज्ञांना द्यावी. श्वास रोखण्याची सूचना कशी मिळेल, ते आधीच विचारून घ्यावे.

• सांगितल्याप्रमाणे दागिने व कवळी काढून ठेवावी. धातूमुळे चित्रात रेषा उमटतात.

• मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास, शिरेतून रंगद्रव्य देण्यापूर्वीच सांगावे.

• जुन्या फिल्म आणि अहवाल जपून ठेवावेत. तुलनेने निदान सोपे होते.

पुढच्या वेळी ‘कोणती काच बरी?’ असे विचारले गेले, तर घाई करू नये. पुन्हा दाखवायला सांगावे, नीट पाहावे आणि जे दिसते तेच सांगावे.