जडणघडण : खेळातलं रत्न आणि त्याचं कोंदण



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेला माणूस व्हिडिओ गेमवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. रास्त आहे. मलाही दोन वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं.

झालं असं, की दिवाळीच्या सुटीत नातू हिंगोलीला आला होता. कॉलेजात आहे. एका रात्री जेवायला बोलावलं तर उठेना. चेहरा पडलेला. विचारलं तर म्हणाला, "आबा, तलवार गेली." तीन आठवडे राबून त्यानं खेळात एक तलवार मिळवली होती. तिच्यात रत्न बसवायला गेला आणि तलवारच मोडली, रत्नही गेलं. वर ते रत्न मिळावं म्हणून आठशे रुपये खरेखुरे घातलेले. मी आधी हसलो. मग विचारलं, "मोडू शकते हे तुला ठाऊक होतं का?" तो म्हणाला, "मोडू शकते एवढं ठाऊक होतं. किती वेळा मोडते, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं."

त्या उत्तरावर मी अडकलो. खेळाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका खेळाचा नाही.

ज्यांना हे जग नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणजे असा खेळ, की त्यात तुम्ही एक पात्र घेता, राक्षस मारता, त्यांच्याकडून हत्यारं, चिलखतं, रत्नं मिळवता आणि पात्र बळकट करत जाता. काही हत्यारांना भोकं असतात, त्यांना सॉकेट म्हणतात. त्यात रत्न बसवलं की हत्याराचा गुण बदलतो. सॉकेटला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, कोंदण. आणि या सगळ्या व्यवहारालाही आहे, जडणघडण. आपण तो माणसाच्या स्वभावासाठी वापरतो, पण मूळ शब्द सोनाराच्या दुकानातला. दागिना घडवायचा आणि त्यात खडा जडवायचा.

या पद्धतीचा नमुना म्हणून 'डायब्लो २' हा २००० सालचा खेळ घेऊ. त्यात माणिक शस्त्रात बसवलं तर आगीचा मार वाढतो, शिरस्त्राणात बसवलं तर आयुष्य वाढतं, ढालीत बसवलं तर आगीपासून बचाव होतो. रत्न एकच, कोंदण बदललं की गुण बदलला. फार छान कल्पना आहे ही. रत्नांच्या पाच प्रती, आणि एका प्रतीची तीन रत्नं एकत्र केली की वरच्या प्रतीचं एक मिळतं. म्हणजे सर्वांत खालच्या प्रतीपासून सर्वांत वरच्या प्रतीपर्यंत जायला किती रत्नं लागतील? चार पायऱ्या, दर पायरीला तिप्पट. तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी. कष्ट आहेत, पण हिशेब उघडा आहे. खेळणारा चिडत नाही, मोजत बसतो.

२००१ साली याच खेळाला जोड आली, तिच्यात 'रूनवर्ड' आले. रून म्हणजे अक्षरं कोरलेले दगड. ते ठरावीक क्रमानं, ठरावीक संख्येच्या कोंदणांत बसवले, की शस्त्र वेगळंच होतं, त्याला नवं नाव मिळतं. आणि गंमत बघा, हे फक्त साध्या, कोऱ्या वस्तूतच होतं. जिच्यावर आधीच जादू आहे, तिच्यात होत नाही.

इथं मला माझा जुना वर्ग आठवला. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकवताना मी मुलांना संयोग आणि समवाय यांतला फरक सांगायचो. पुस्तक टेबलावर आहे, हा संयोग. दोन्ही आधी वेगळी होती, पुन्हा वेगळी होतील. धागे आणि कापड यांचा संबंध समवाय. धागे काढून घ्या, कापड उरतच नाही. नैयायिक तर म्हणतात, की कापड ही धाग्यांची नुसती बेरीज नव्हे, ती नवी वस्तू आहे, अवयवी. बौद्धांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांपलीकडे अवयवी असा काही नसतोच. वर्गात हा वाद ऐकताना मुलं जांभया द्यायची. रूनवर्डचं उदाहरण तेव्हा माझ्याकडे असतं तर बरं झालं असतं.

तर मुद्दा असा. खेळ तयार करणाऱ्यानं आधी ठरवावं, की रत्न आणि शस्त्र यांचं नातं संयोगाचं आहे की समवायाचं. घोटाळा होतो तो इथं. साधं रत्न बसवणं हा खेळणाऱ्याला संयोग वाटतो. बसवलं तसं काढू, असं तो धरून चालतो. खेळ मात्र त्याला समवायासारखं वागवतो, काढायला गेलात तर काहीतरी नष्ट होणार. 'डायब्लो २'मध्ये नंतर रत्नं काढायची सोय आली, पण शस्त्र वाचतं आणि रत्नं जातात. 'ग्रिम डॉन' या २०१६ च्या खेळात शस्त्र आणि जोडलेला भाग यांतलं एकच काहीतरी वाचवता येतं. परिणाम काय होतो? लोक चांगलं रत्न वापरतच नाहीत. 'पुढं याहून चांगली तलवार मिळाली तर?' म्हणून पेटीत ठेवून देतात. ठेवणीतलं लुगडं जसं ठेवणीतच विरतं, तसं. जी गोष्ट वापरायला दिली, तीच वापरायची भीती वाटायला लागली, तर रचनेत दोष आहे.

यावर उपाय सोनाराकडे आहे. आपल्या घरातली बाई जुना दागिना मोडून नवा करते तेव्हा काय होतं? सोनार आधी खडे काढून बाजूला ठेवतो, सोनं वितळवतो, थोडी तूट धरतो आणि नव्या दागिन्याची घडणावळ घेतो. खडा तिचा तिलाच परत. नुकसान आहे, पण ठरलेलं आहे, आधी सांगितलेलं आहे. खेळातही असंच असावं. रत्न काढता यावं, त्याची घडणावळ पडावी. 'डायब्लो ३'मध्ये जवाहिऱ्याला मोहरा देऊन रत्न परत मिळतं, ते मला शहाणपणाचं वाटतं.

दुसरा दोष नशिबाचा. समजा, एखादी घडण जमायची शक्यता शंभरात पाच आहे. खेळणारा मनात म्हणतो, वीस वेळा केलं की जमेल. तसं नसतं. वीस प्रयत्नांनंतरही शंभरातले सुमारे छत्तीस जण रिकाम्या हातानं बसलेले असतात. साठ प्रयत्नांनंतरही चार-पाच जण उरतातच. या चार-पाच जणांनी काय पाप केलं? काही नाही. लाखो लोक खेळतात, तेव्हा हे चार-पाच टक्के म्हणजे हजारो माणसं होतात.

न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल'नं, २०१३ चा खेळ हा, यावर एक तोड काढली. तिथं चिलखताची सहा कोंदणं एकमेकांना जोडणं ही मोठी दुर्मीळ गोष्ट. त्यासाठी एक प्रकारचे गोळे खर्चून नशीब आजमावता येतं. पण कारागिराच्या बाकावर थेट पंधराशे गोळे मोजले, तर काम हमखास होतं. म्हणजे जुगार ज्याला करायचा त्यानं करावा, पण कष्टाचा सरळ रस्ताही उघडा. अशी वरची हद्द प्रत्येक खेळात असावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. नामदेवांचं जन्मगाव परंपरेनं आपलं नरसी. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संत जमले आणि त्यांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकलेली आहे. नामदेव रागावले, आणि गोरोबांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. कथेतला अध्यात्माचा भाग बाजूला ठेवा, कुंभाराचं शास्त्र बघा. कच्चं मडकं भिजवलं की पुन्हा चिखल होतो, हवं तितक्या वेळा नव्यानं घडवा. भट्टीत गेलं की परत फिरणं नाही, फुटलं तर खापरच. पण प्रत्येक कुंभाराला भट्टी कुठे आहे हे माहीत असतं. माझ्या नातवाच्या खेळात भट्टी कुठे आहे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

'लास्ट एपॉक' या २०२४ च्या खेळात हा विचार दिसतो. प्रत्येक वस्तूवर तिची घडण किती सोसेल याचा आकडा लिहिलेला असतो. दर बदलाला तो कमी होतो. संपला की बदल थांबतात, पण वस्तू शाबूत राहते. आधीच्या चाचणी-आवृत्त्यांत ती तडकायची. तो बदल मला फार मोलाचा वाटतो.

शेवटचा मुद्दा पैशाचा. २०२२ च्या 'डायब्लो इमॉर्टल'मध्ये वरच्या दर्जाची रत्नं मिळण्याची संधी खऱ्या पैशानं विकली गेली. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तिथल्या कायद्यांमुळे तो खेळ आलाच नाही. आपल्याकडे २०२५ साली ऑनलाइन खेळांचा कायदा झाला, त्याचा रोख मुख्यतः पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. पण पैसे लावून रत्न 'कदाचित' मिळण्याचं काय? शक्यता लपवलेली, वस्तू मोडण्याची भीती आणि पुढचा प्रयत्न पैशानं विकत, ही तीन एकत्र आली की तो खेळ राहत नाही. एक वेळ रत्न ठरलेल्या किमतीला विका, पण नशीब विकू नका, एवढंच माझं म्हणणं.

व्याख्यानानंतर एका तरुणानं चांगला प्रश्न विचारला, तो इथं देतो. "सर, सगळंच परत फिरवता आलं तर निर्णयाला किंमत काय राहिली?"

बरोबर आहे. म्हणून मी भट्टी बंद करा म्हणत नाही. रूनवर्डसारखी घडण कायमची असावी, तिच्यात हात कापला पाहिजे. पण तिची कृती खेळातच लिहिलेली असावी. 'डायब्लो २'मध्ये ती नव्हती, लोक बाहेरून शोधून आणत. साधं रत्न मात्र संयोगानं बसवावं, घडणावळ घेऊन सोडवावं. शक्यता आकड्यात दाखवावी, अपयशाला हद्द असावी. जाणून घेतलेली जोखीम माणसाला मोठं करते. न सांगता लादलेली जोखीम म्हणजे फसवणूकच, मग ती खेळात असो, कर्जाच्या कागदावर असो की बियाण्याच्या पिशवीवर. हे आपल्या भागातल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

नातवानं तो खेळ सोडला. आता दुसरा खेळतो. परवा फोनवर म्हणाला, "आबा, यात टक्के लिहिलेत." मी म्हटलं, मग खेळ बाबा, पण अभ्यास करून.