२०२५ : माझे आवडते मराठी सिनेमे

राजापूरकरांनो, यंदाचा माझा पहिला नंबर ‘दशावतार’ला! सुबोध खानोलकरांच्या या सिनेमात ८१ वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री डोक्यातून जातच नाही. नजर अधू झालीय, पण तोंडाला रंग लागला की म्हाताऱ्याचं अंगच बदलतं. त्यात खाणीचा विषय. आपल्या तालुक्यातला बारसूचा सडा आणि तिथला रिफायनरीचा वाद पाहिलेल्या आपल्याला तो जास्तच भिडतो.

दुसरा ‘साबर बोंडं’. वडिलांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र, किती हळुवार प्रेम! रोहन कानवडेंच्या या पहिल्याच चित्रपटाने सनडान्स चित्रपट महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला.

‘आता थांबायचं नाय’सुद्धा आवडला : रात्रशाळेत दहावीला बसणारे मुंबई महापालिकेचे कामगार, तेही खऱ्या घटनेवरून. तुमचे कोणते? नक्की लिहा.