चेस्टनट गेले, अझालिया बहरली

अमेरिकेतील डेलावेअर राज्यात विंटरथर ही ड्यू पाँट घराण्याची जुनी जहागीर. बंदुकीच्या दारूच्या व्यवसायातून सधन झालेल्या या घराण्यातील एव्हलिना आणि त्यांचे पती जाक बिडरमान यांनी १८३९ मध्ये येथे घर उभारले. बिडरमान यांच्या पूर्वजांच्या स्विस शहराचे नाव त्याला मिळाले.

येथील वनोद्यान मात्र हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट (१८८०-१९६९) यांची निर्मिती. हार्वर्डमध्ये उद्यानविद्या शिकलेल्या हेन्री यांनी १९०२ मध्ये वनातील उतारावर कंदवर्गीय फुलझाडे लावण्यास प्रारंभ केला. वृक्षांना पालवी फुटण्यापूर्वी जमिनीपर्यंत ऊन पोहोचते. तेवढ्या अवधीत ही फुले उमलून जातात. हाच आजचा ‘मार्च बँक’.

पुढे संकट ओढवले. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळलेल्या बुरशीने पूर्व अमेरिकेतील चेस्टनट वृक्षांचा संहार केला. विंटरथरच्या वनातही मोकळ्या जागा पडल्या. हेन्री यांनी तेथे जपानी कुरुमे अझालिया लावल्या. उरलेल्या उंच वृक्षांची विरळ सावली त्यांना मानवली आणि सुमारे ८ एकरांचे ‘अझालिया वूड्स’ साकारले. चेस्टनटचा घास घेणारी बुरशी आशियातून आणलेल्या रोपांसोबत आली होती. तिने निर्माण केलेली पोकळीही आशियाई झुडपांनीच भरून काढली.

१९५१ मध्ये हा वाडा संग्रहालय म्हणून जनतेसाठी खुला झाला. सुमारे ६० एकरांच्या या उद्यानात दर वसंतात अझालिया बहरतात, त्या चेस्टनटच्या रिकाम्या जागी.