पेंढाऱ्यांचा बंदोबस्त, वऱ्हाडातील

मध्य हिंदुस्थान व दक्षिणेत लूटमार करणाऱ्या घोडेस्वार टोळ्यांविरुद्ध इंग्रजांनी केलेली लष्करी कारवाई (१८१७–१८) आणि तिचे वऱ्हाडावरील परिणाम. पेंढाऱ्यांना स्वतःचे राजकीय उद्दिष्ट नसल्याने आधुनिक अर्थाने त्यांना दहशतवादी म्हणता येत नाही. तथापि गावे जाळणे, पुरलेले धन काढण्यासाठी रयतेचा छळ करणे ही त्यांची साधने दहशतीचीच होत.

अडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) व गाविलगडचा पाडाव (१५ डिसेंबर १८०३) यांनंतर देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. युद्धानंतर बेकार झालेले अनेक शिपाई पेंढाऱ्यांना मिळाले. म्हणजे पूर्वीच्या लष्करी कारवाईनेच पुढील उपद्रवास मनुष्यबळ पुरविले. दसऱ्यानंतर नद्यांना उतार पडताच नर्मदेच्या खोऱ्यातील टोळ्या सातपुडा ओलांडून दक्षिणेत उतरत. जवळ तोफा वा तंबू नसल्याने पाठलाग करणाऱ्या फौजांना त्या सापडत नसत. १८१६ मध्ये गुंटूर भागातील स्वारीत त्यांनी बारा दिवसांच्या आत १८२ माणसे मारली व ३,६०३ लोकांचा छळ केला.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने सु. १,२०,००० सैन्य व ३०० तोफा जमवून उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी पेंढाऱ्यांना घेरले. मात्र केवळ शस्त्रबळ निर्णायक ठरले नाही. नोव्हेंबर १८१७ च्या तहाने अमीरखानास टोंक देऊन त्याची फौज मोडण्यात आली. शरण आलेल्या करीमखानास गोरखपूर भागात जमीन मिळाली. आश्रयदाती सत्ता उरली नाही, तेव्हा चितू रानात एकाकी पडला व वाघाकडून मारला गेला.

संघटित टोळ्या मोडल्या, तरी वऱ्हाडाला स्वास्थ्य लाभले नाही. जानेवारी १८१९ मध्येच दक्षिण सीमेलगत नोव्हा येथे नोवसाजी नाईकाविरुद्ध निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेला लढावे लागले. ही फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. अचलपूरलगत परतवाडा येथे तिची छावणी होती. तिचा खर्च निजामाला पेलेना. सावकारी कर्ज व मक्तेदारीने होणारी सारावसुली यांचा भार रयतेवर पडला. अखेर खर्चाची थकबाकी व तरतूद यांपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. लुटारूंपासून संरक्षणासाठी ठेवलेल्या फौजेपायी निजामाने प्रांतच गमावला.

वऱ्हाडच्या अनुभवावरून लष्करी कारवाईची मर्यादा स्पष्ट होते. सैन्य टोळ्या फोडू शकते व त्यांचा आश्रय तोडू शकते. परंतु शस्त्र खाली ठेवणाऱ्याला उपजीविका आणि रयतेला निश्चित सारा व न्याय यांची हमी मुलकी कारभारच देऊ शकतो. ती हमी नसेल, तर बंदोबस्ताचा खर्च हाच रयतेला नवा जाच ठरतो.