सायकलवाल्याला हवी दीड मीटरची वाट

सायकलस्वाराला खेटून पुढे जाणारी गाडी त्याला धडकेलच असे नाही. पण नुसत्या झोतानेही त्याचा तोल जातो आणि एक कुटुंब उघड्यावर पडते. यात गाडीवाल्याचा वेळ वाचतो तो जेमतेम पंधरा सेकंदांचा!

जबलपूर शहराच्या उत्तरेला अधारताल ओलांडून पनागरच्या दिशेने निघाले की महाराजपूर लागते. पुढे सिहोरा आणि कटनी. वाराणसीहून कन्याकुमारीपर्यंत जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ याच भागातून जात असे. त्यामुळे ट्रक, बस आणि ट्रॅक्टरची वर्दळ इथल्या लोकांना नवी नाही. त्याच वर्दळीत सकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेला दूधवाला असतो, हँडलला डबा अडकवून कामावर निघालेला गवंडी असतो आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या शाळकरी मुलीही असतात.

जबलपूर आणि सायकल यांचे नाते जुने आहे. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची आयुध निर्माणी आली आणि १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांतले वडील, काका असेच कामावर जात. लष्करासाठी शक्तिमान ट्रक जोडणारे हात संध्याकाळी सायकलचे हँडल धरून घरी परतत.

आता फाटकाबाहेर स्कूटर, मोटारसायकलींची गर्दी असते. सायकल उरली आहे ती प्रामुख्याने ज्यांना दुसरे वाहन परवडत नाही त्यांच्याकडे आणि शाळकरी मुलांकडे. दुसऱ्या गावातल्या सरकारी शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना मध्य प्रदेश सरकार मोफत सायकल देते. सायकल मिळाली म्हणून मुलीची शाळा सुटत नाही, ही आनंदाची गोष्ट. पण ती सायकल चालवायची कुठे? त्याच रस्त्यावर, त्याच ट्रकांच्या शेजारून.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. म्हणजे रोज सरासरी बाराहून अधिक घरांत सायकलवर गेलेले माणूस परत आले नाही.

वीतभर जागेचे गणित

दोन पदरी रस्त्याची डांबरी पट्टी साधारण सात मीटर रुंद असते. म्हणजे एका बाजूला साडेतीन मीटर. सायकलस्वार कडेपासून अर्ध्या मीटरवर चालला, तरी हँडलच्या टोकापर्यंत ऐंशी सेंटीमीटर जागा जाते. ट्रकची रुंदी सुमारे अडीच मीटर. आता ट्रकवाल्याने मधली रेषा न ओलांडता पुढे जायचे ठरवले, तर दोघांमध्ये उरतात वीस सेंटीमीटर, फक्त एक वीत! दूधवाल्याच्या कॅनला तर तेवढीही जागा उरत नाही.

दीड मीटर अंतर सोडायचे असेल, तर ट्रकला मधली रेषा ओलांडून सव्वा मीटरहून अधिक पलीकडे जावे लागेल. समोरून वाहन येत असेल तर ते शक्य नाही. अशा वेळी एकच उपाय असतो, तो म्हणजे थांबणे. सायकलच्या मागे ताशी पंधरा किलोमीटर वेगाने शंभर मीटर जायला चोवीस सेकंद लागतात. ताशी चाळीसच्या वेगाने नऊ सेकंद लागले असते. तोटा पंधरा सेकंदांचा. एवढ्यासाठी कुणाचा जीव टांगणीला लावायचा?

धक्का न लागताही

मोठे वाहन वेगाने जवळून गेले की आधी हवेचा झोत सायकलस्वाराला बाहेर ढकलतो आणि लगेच मागची ओढ त्याला आत खेचते. त्यातच कानाशी हॉर्न वाजला की माणूस दचकून मागे वळतो आणि मानेबरोबर हँडलही वळते. चालक बसतो उजवीकडे, सायकल असते डावीकडे. म्हणजे ज्या बाजूचा अंदाज सर्वांत कमी, तिथेच नाजूक जीव असतो. लांब वाहनाचे पुढचे टोक सुखरूप पुढे गेले, तरी चालकाने घाईने डावीकडे घेतल्यास मागची चाके सायकलवर येतात.

हे फक्त ट्रकवाल्यांचेच आहे असे समजू नका. मुलांना शाळेत सोडायला निघालेली आपली कारही तितकीच खेटून जाते. कारचे दार उघडण्याआधी तर मागे पाहायलाच हवे. उजव्या दाराला डावा हात आणि डाव्या दाराला उजवा हात लावायची सवय ठेवली, तर शरीर आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. मुलांनाही ही सवय लावता येईल.

कायदा काय सांगतो?

जर्मनीत २०२० पासून सायकलस्वाराला शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडणे बंधनकारक आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २०२२ साली किमान दीड मीटरची सूचना आली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. नियमबाह्य रीतीने ओव्हरटेक करणे हे त्यात धोकादायक वाहन चालवण्याच्या प्रकारांत आले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दीड मीटरचा आकडा मात्र या कलमात नाही. तो चालकाने आपल्या मनात ठेवायचा आहे.

सायकलस्वाराने काय करावे?

● अगदी कडेला चिकटून जाऊ नका. तिथे वाळू, खड्डे आणि डांबराची तुटलेली कड असते. थोडे आत, पण सरळ रेषेत चाला.
● खड्डा दिसताच एकदम वळू नका. आधी मागे पाहा, हात दाखवा, मग वळा.
● मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा हवाच. पहाटे आणि संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घाला.
● दप्तर किंवा पिशवी हँडलला लटकवू नका, मागे कॅरिअरला बांधा.
● मोठ्या वाहनाच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका.
● मुलाला एकटे पाठवण्याआधी आठवडाभर त्याच्याबरोबर त्या रस्त्याने जा.

अपघात झालाच तर

जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठी कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. तेव्हा बघत उभे राहू नका. २०२५ च्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

धडक देऊन वाहन पळून गेले, नंबरही कळला नाही, तरी सगळे संपत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. अर्ज महसूल उपविभागाच्या किंवा तहसीलच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. त्यासाठी पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. ज्यांना याची सर्वाधिक गरज असते त्यांना ही माहिती क्वचितच असते. आपल्याकडे येणाऱ्या दूधवाल्याला, कामवालीच्या नवऱ्याला एवढे सांगितले तरी पुरे.

पैशाने गेलेले माणूस परत येत नाही, हे खरेच. म्हणून पुढच्या वेळी समोर सायकल दिसली की हॉर्नवरचा हात काढा, वेग कमी करा, रस्ता मोकळा होऊ द्या आणि मगच लांबून पुढे जा. त्याच्या हँडलला अडकवलेला डबा कुणीतरी पहाटे उठून भरलेला असतो. संध्याकाळी तो रिकामा होऊन घरी परतायला हवा.