प्रोस्टेटमधलं जस्त आणि गोळीचा मोह

भोर-वेल्ह्याच्या (वेल्हे आता राजगड तालुका) भातखाचरांत झिंक सल्फेट टाकणं नवलाईचं राहिलेलं नाही. खाचरात पाणी साचून राहिलं की मातीतलं जस्त अशा रूपात अडकतं की मुळांना ते घेता येत नाही. मग पानांवर तांबूस ठिपके पडतात आणि रोपाची वाढ खुंटते. हा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत नेने यांनी १९६६ साली मांडलं. कमी पडलं ते टाका, पीक सुधारतं. शेतात हा हिशेब बरोबर येतो.

तोच हिशेब आपण शरीरालाही लावतो. साठीनंतर लघवीची धार बारीक झाली, रात्री तीन-चारदा उठावं लागलं, की कोणीतरी सांगतंच, ‘झिंकची गोळी घ्या, प्रोस्टेटला चांगली.’ या सल्ल्यामागचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मात्र फसवा.

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, शरीरातल्या इतर मऊ अवयवांपेक्षा कित्येक पट जस्त साठवते. निरोगी ग्रंथीच्या बाहेरच्या भागात दर ग्रॅम ऊतीमागे साधारण दोनशे मायक्रोग्रॅम जस्त सापडतं. इतकं कशासाठी? इथल्या पेशींचं काम वीर्यासाठी सायट्रेट तयार करून ते बाहेर सोडण्याचं. इतर पेशी सायट्रेट जाळून ऊर्जा मिळवतात. प्रोस्टेटमध्ये जस्त अ‍ॅकोनिटेज नावाच्या विकराला अडवतं, त्यामुळे सायट्रेट जळत नाही, साठतं. पेशी स्वतः काटकसरीत राहून माल बाहेर पाठवते. असा उलटा व्यवहार करणारा दुसरा अवयव शोधूनही क्वचितच सापडेल.

कॅन्सर इथेच घुसखोरी करतो. १९५२ साली मॉसन आणि फिशर यांना कॅन्सरग्रस्त प्रोस्टेटमध्ये जस्त कमी आढळलं. पुढे अमेरिकेत लेस्ली कोस्टेलो आणि रेंटी फ्रँकलिन यांनी कित्येक वर्षं हाच धागा धरला. कॅन्सरच्या ऊतीत जस्त साठ ते ऐंशी टक्क्यांनी घटतं आणि सायट्रेटही आटतं. अडथळा गेला की पेशी सायट्रेट जाळू लागते, आणि वाढीला लागणारं इंधन तिला मिळतं. वयानुसार होणाऱ्या प्रोस्टेटच्या साध्या वाढीत मात्र जस्त घटत नाही, बऱ्याचदा थोडं वाढलेलंच असतं. म्हणजे धार बारीक झालेल्या बहुतेक माणसांच्या प्रोस्टेटमध्ये जस्ताचा दुष्काळ नसतोच.

कॅन्सरमध्ये तरी तो कशामुळे पडतो? आहारामुळे नव्हे. जस्त पेशीत नेणारं ‘झिप-१’ हे प्रथिन तिथे बनेनासं होतं. रक्तात जस्त असतं, पण आत जायचं दारच बंद असतं. बाहेर कितीही ओता.

ओतणं निरुपद्रवी आहे, असंही नाही. अमेरिकेतल्या सुमारे ४७ हजार पुरुषांच्या पाहणीत, दिवसाला १०० मिलिग्रॅमहून जास्त जस्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांत बळावलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका दुपटीहून अधिक दिसला. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण प्रोस्टेटसाठीच सुचवल्या जाणाऱ्या सेलेनियमची गोष्ट यापुढची आहे. त्यावर तर रीतसर चाचणी झाली. पस्तीस हजारांवर पुरुषांना सेलेनियम, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसती साखरेची गोळी दिली गेली. २००८ साली गोळ्या थांबवाव्या लागल्या. सेलेनियमने काही साधलं नाही, आणि नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ पुरुषासाठी रोज १७ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली आहे, आणि ४० ही कमाल मर्यादा ठेवली आहे. गोळी घेण्याआधी पाकिटावरचा आकडा वाचावा. आणि लघवीची तक्रार असेल तर मेडिकलवाल्याकडे न जाता डॉक्टरकडे जावं.

जस्ताची जागा घेऊ पाहणाऱ्या कॅडमियमची बाजू वेगळी. ते जस्ताचाच जातभाई, खनिजातही त्याच्यासोबत सापडतं आणि शरीरात त्याच्या जागा बळकावतं. तंबाखूचं झाड ते मातीतून ओढून पानात साठवतं, त्यामुळे बिडी-सिगारेटच्या धुरातून ते थेट फुप्फुसात जातं, आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुक्काम करतं. ते कॅन्सरकारक आहे, हे १९९३ पासून ठरलेलं आहे. प्रोस्टेटबाबतचा पुरावा अजून मर्यादित आहे.

कोस्टेलो-फ्रँकलिन यांनी पुढे झिप-१ च्या बंद दाराला बगल द्यायची वाट शोधली. क्लिओक्विनॉल नावाचं औषध जस्ताला धरून पेशीत नेतं. उंदरांमधल्या झिप-१ नसलेल्या गाठींची वाढ त्याने बरीच रोखली गेली. हे औषध नवं नाही. आमांशावर ते एकेकाळी सर्रास दिलं जायचं, आणि मज्जातंतूंवर झालेल्या दुष्परिणामांमुळे १९७० साली जपानने त्याच्यावर बंदी घातली.